बदली क्वार्टरबॅक

आमच्या घरी बातमी डबा आणायचा. वडील सकाळी गिरणीच्या गेटवर जायचे तेव्हा आई डबा भरून द्यायची. दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी, कधी पिठलं. भोंगा झाला की गेट बंद. मग आमचे डोळे गल्लीच्या तोंडाशी. वडील दिसले नाहीत तर काम मिळालं. दिसले तर डबा भरलेलाच परत आला. आई एक शब्द न बोलता तो उघडायची आणि दुपारी आम्ही सगळे तोच वाटून खायचो. गेटपर्यंत जाऊन आलेली भाकरी घरी ठेवलेल्या भाकरीपेक्षा जास्त वाळलेली लागायची. का, ते मला अजून कळलेलं नाही.

वडील सोलापूरच्या एका कापड गिरणीत बदली होते. बदली म्हणजे कायम नसलेला कामगार. कायम माणूस आजारी पडला, गावाला गेला, की त्याच्या मागावर त्या पाळीपुरता बदलीला उभं करायचे. कुणाला उभं करायचं हे जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, ठरवायचा. सगळे बदली गेटपाशी दाटीनं थांबायचे आणि जॉबर त्यांच्या तोंडाकडे न बघता बोट करायचा. तू. तू. तू. वडिलांकडे बोट आलं की आमची संध्याकाळ बरी जायची. म्हणजे आमचं पोट दुसऱ्याच्या आजारपणावर. आई देवाजवळ काय मागते असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "कुणाचं वाईट कर असं नाही मागत बाई. पण कुणाला तरी गावाकडं काम निघू दे म्हणते."

आई विड्या वळायची म्हणून आम्ही उपाशी झोपलो नाही. पण विड्यांनी पोट भरायचं, पुढचं काही ठरवता यायचं नाही. पुढचं सगळं 'कायम' या शब्दावर अडलेलं असायचं. कायम झालो की पत्रे बदलू. कायम झालो की आईचे डोळे दाखवू. वडील विचारायला गेले की जॉबर कधी नाही म्हणाला नाही. त्याचं एकच उत्तर असायचं, "उद्या बघू." अशा पुष्कळ उद्या गेल्या, आणि वडील कायम व्हायच्या आधी गिरणीच बंद पडली.

मी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. इंजिनियर झाले, नोकरी लागली, लग्न झालं, अमेरिकेत आले. आता आम्ही टेक्सासात, फ्रिस्कोला राहतो. माझी कंपनी हॉस्पिटलांना सामान पुरवते आणि कुठल्या गोदामातून कुठला ट्रक कधी सुटायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते. एखादा ट्रक चुकला तर कुणाचं तरी ऑपरेशन थांबतं. काम असं आहे.

पूर्वी कंपनीचं ऑफिस उत्तरेकडच्या एका बर्फाळ शहरात होतं. ते इकडे हललं तेव्हा आम्ही काही मराठी घरं बरोबरच फ्रिस्कोला आलो. तिकडची घरं विकली, बर्फ ओढायची फावडी देऊन टाकली, पण तिकडची फुटबॉल टीम काही सुटली नाही. फुटबॉल म्हणजे इथला, हातात धरून पळायचा. शेजारचे टेक्सासवाले आम्हाला हसतात. हसू देत. दर रविवारी दुपारी आमचा जथा काकांच्या घरी जमतो आणि टीव्हीसमोर ओरडून ओरडून घसा बसवून घेतो.

काका म्हणजे आमच्या कंपनीतले डायरेक्टर. मूळचे पुण्याचे, साठीच्या आसपासचे. ऑफिसात मी त्यांना नावानं हाक मारते, कारण तिथं सगळेच तसं करतात. त्यांच्या घरी मात्र ते काका. शुक्रवारी नाव आणि रविवारी काका, यात माझी जीभ कधी अडखळली नव्हती. काकूंचा एक नियम होता. रविवारी त्यांच्या घरात ऑफिस काढायचं नाही. जो काढेल त्यानं भांडी घासायची. डिशवॉशर होता, पण काकूंची पातेली त्यात मावत नव्हती, आणि मिसळीचं पातेलं घासणं म्हणजे शिक्षाच.

त्या वर्षी आमच्या टीमच्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात बॉल आधी येतो तो. कुणाकडे फेकायचा, फेकायचा की स्वतः पळायचं, हे त्याचं डोकं ठरवतं. त्याच्याशिवाय टीम म्हणजे ड्रायव्हर नसलेली बस. डॉक्टरांनी सांगितलं, हा परत खेळणार नाही. मग जो इतकी वर्षं टोपी घालून कडेला उभा असायचा त्या बॅकअपला आत घातलं, आणि आमच्या जथ्यात वाद पेटला: नवा क्वार्टरबॅक आणायचा कुठून?

त्याच सुमारास माझ्या मॅनेजरनं नोकरी सोडली. कंपनीनं त्याच्या जागी मला बसवलं. 'इंटरिम' म्हणून, नवा मॅनेजर ठरेपर्यंत. जागा जाहीर झाली, आतल्यांनीही अर्ज करावेत, बाहेरच्यांनीही. अर्ज मी पहिल्याच दिवशी केला. त्यानंतर काका मला ऑफिसात रोज दिसायचे, काम विचारायचे, छान चाललंय म्हणायचे. माझ्या अर्जाचं विचारलं की म्हणायचे, "लेट्स सी. नेक्स्ट क्वार्टर." ती जागा मला हवी होती. लपवून काय करायचं, फार हवी होती. आणि मला वेड लावत होतं ते हे, की मिळणार नसेल तर तेही कुणी सांगत नव्हतं.

माझे वडील तेव्हा आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आले. त्यांना मी एवढंच म्हटलं होतं की साहेब नोकरी सोडून गेले, आता त्यांच्या जागी मी बसते. त्यांनी ते फोनवरून सोलापूरच्या अख्ख्या गल्लीला कळवलं. 'इंटरिम' हा शब्द मी त्यांच्यापुढे काढलाच नव्हता. मराठीत त्याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही असेच काकांकडे जमलो. काका, काकू, मी, माझा नवरा, आमची नववीतली मुलगी, बाबा, आणि आमच्याच कंपनीत दुसऱ्या विभागात असलेला एक नागपूरकर मित्र. मिसळ होती, पावाच्या ऐवजी मक्याचे चिप्स. बाबा सोफ्यावर नातीशेजारी बसले होते. आता ते आरामात पाठ टेकून बसायचे, पाय पुढे सोडून. पहिल्या आठवड्यात ते सोफ्याच्या काठावर बसायचे. टेकून बसायला त्यांना वेळ लागला होता, आणि मला ते बघून बरं वाटायचं.

"हा पूर्वी टोपी घालून कडंला उभारायचा की," बाबा म्हणाले. "आता आत कसा?"

"आजोबा, ही इज द बॅकअप," मुलगी म्हणाली. "पहिल्याचा शोल्डर गेला ना. सो आता हा."

"म्हणजे बदली."

"बदली? व्हॉट्स दॅट?"

"कायम माणूस आला नाही की त्याच्या जागी उभारतो तो."

माझ्या हातातला चमचा थांबला. पण बाकीच्यांचं लक्ष नव्हतं, कारण नागपूरकर आणि माझा नवरा यांची जुंपली होती.

"ट्रेड करा ना बाप्पा!" नागपूरकर म्हणत होता. "दुसऱ्या टीमकडून तयार माणूस उचला. काहून वेळ घालवून राहिले हे लोक?"

"तयार म्हणजे दुसऱ्यांनी वापरून झालेला," नवरा म्हणाला. "गुडघे गेलेले. त्यापेक्षा ड्राफ्टमधून घ्या. कॉलेजातला ताजा पोरगा आणा आणि घडवा." ड्राफ्ट म्हणजे दर वसंतात सगळ्या टीम्स कॉलेजातली मुलं पाळीपाळीनं निवडतात, आणि जी टीम सगळ्यात जास्त हरली तिची पाळी पहिली.

"घडवेपर्यंत काका रिटायर होऊन जातील ना यार."

"माझ्या रिटायरमेंटवर तुझा इतका डोळा आहे हे माहीत नव्हतं," काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि हसत हसतच विचारलं, "आणि हा आहे त्याचं काय?"

हसणं एकदम विरलं. नागपूरकरानं चिप्सच्या वाडग्यात हात घातला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, 'नको' असं. काका टीव्हीकडेच बघत होते.

"हा बरा आहे," ते म्हणाले. "चुका करत नाही. सांभाळून नेतो. पण सांभाळणं वेगळं आणि चालवणं वेगळं."

"त्याला लांबचा पास टाकूच देत नाहीत," मी म्हणाले. "कोच जवळजवळचेच पास सांगतो. मग म्हणायचं, हा लांब टाकत नाही."

"टाकणारा टाकतो. कोचची वाट बघत बसत नाही."

"आणि चुकला तर? कायमवाला चुकला की म्हणतात पुढच्या वेळी बघू. हा चुकला की सोमवारी घरी."

 काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना ऑफिसचा वास आला होता.

बाबांना काय कळलं कोण जाणे. त्यांना वाटलं आपणही दोन शब्द बोलावेत. ते काकांकडे वळून म्हणाले, "मला विचाराल तर साहेब, बदली कायम करून टाका. घोर मिटंल."

काकांचा चेहरा उजळला. "बघा! बाबांनाही पटतंय. मी इतके दिवस हेच म्हणतोय. बदलीशिवाय मार्ग नाही, आणि एकदा केली की ती कायमची. दरवर्षी नवा खेळ नको."

"तेच की," बाबा म्हणाले. "लई चांगला असतो बदली. मान खाली घालून काम करतो."

"तसं कसं, त्रास होतोच की बदलीत," काका आता रंगात आले होते. "माझं सगळं लहानपण बदलीत गेलं, बाबा. वडिलांची बदली, की आमची बांधाबांध सुरू."

बाबा सोफ्यावर पुढे सरकले. इतक्या दिवसांत त्यांना इथं कुणी आपल्यातला भेटला नव्हता. "तुमचे वडीलबी बदली होते?"

"सतत!"

"कुठल्या मिलमध्ये?"

"मिल?" काका गोंधळले. "नाही हो, पाटबंधारे खात्यात. एक्झिक्युटिव्ह इंजिनियर होते."

"इंजिनियर?" बाबा माझ्याकडे वळले. "इंजिनियर बदलीवर ठेवत्यात व्हय गं?"

नागपूरकराला हसू फुटलं. त्यानं ते चिप्सबरोबर गिळलं. मी मात्र सुन्न बसले होते. दोन म्हातारी माणसं एकाच शब्दावर डोकं हलवून हो हो म्हणत होती, आणि एकाच्या मनात होतं बाहेरचा आणा, दुसऱ्याच्या मनात आतला ठेवा. आणि मधे माझी जागा.

"काका," मी म्हणाले, "बाबा ट्रेडबद्दल बोलत नाहीत. बदली म्हणजे ट्रान्स्फर नाही. गिरणीत बदली म्हणजे बदली कामगार. हा टीव्हीवर दिसतोय ना, तो बदली. माझे वडील गिरणीत बदली होते. रोज गेटवर जायचे आणि जॉबरनं बोट केलं तरच आत."

काकूंनी "अगं बाई" म्हटलं. काका बाबांकडे बघत राहिले. आजवर त्यांना एवढंच माहीत होतं की माझे वडील मिलमध्ये होते. मिलमध्ये मॅनेजरही असतात.

"कायम होता होता मिलच गेली," बाबा साधेपणानं म्हणाले.

विषय तिथं संपला असता. काकू मिसळ वाढायला पुढे आल्याच होत्या. पण आमच्या कन्येला एकदा शब्द कळला की तो वापरून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

"ओह! सो लाइक मम्मा," ती म्हणाली. "आजोबा, मम्मा पण बदली आहे. ऑफिसमध्ये. इंटरिम मॅनेजर."

नवरा तिचं नाव घेऊन ओरडला. "व्हॉट?" ती म्हणाली. "इट्स ट्रू!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या नजरेची ओळख होती. भरलेला डबा हातात घेऊन गल्लीत शिरताना त्यांची अशीच नजर असायची.

"तू बदलीवर आहेस?"

"हो."

"कधीपास्नं?"

"दिवाळीच्या आधीपासून."

 त्यांनी विचारलं, "जॉबर कोण?"

 सगळे टीव्हीकडे बघायला लागले, आणि तिथं तर जाहिरात चालू होती. काकांकडे कुणीच बघत नव्हतं. पण माझ्या वडिलांनी उभा जन्म गेटवर काढला होता. सगळे ज्याच्याकडे बघायचं टाळतात तोच जॉबर, एवढं त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"मी, बाबा," काका म्हणाले. "म्हणजे, मी एकटा नाही. पण मी."

बाबांची पाठ सोफ्यावरून सुटली. पाय आत आले. दोन्ही हात गुडघ्यांवर गेले आणि ते काठावर बसले, ताठ, जॉबरसमोर बसावं तसे. त्यांनी हे ठरवून केलं नाही. त्यांच्या अंगानं केलं.

मला जे काही झालं ते तेव्हा झालं. जागा मिळो न मिळो, माझ्या वडिलांनी त्या घरात काठावर बसायचं नाही, एवढंच डोक्यात राहिलं.

"बाबा, टेकून बसा," मी म्हणाले. मग काकांकडे वळले. त्या क्षणी मला त्यांना काका म्हणवेना आणि नावही घेववेना. "तुम्ही मला हो तरी सांगा, नाहीतर नाही सांगा. आमच्या जॉबरचा एक शब्द होता, उद्या बघू. तुमचा आहे नेक्स्ट क्वार्टर. नाही म्हणालात तर मला राग येणार नाही. मी दुसरीकडे बघेन, मला कुणीही घेईल. पण गेटवर मी उभी राहणार नाही. आमच्या घरातलं कुणी आता गेटवर उभं राहणार नाही."

नागपूरकर हळूच म्हणाला, "अरे बाप रे." नवरा जमिनीकडे बघत होता, पण त्यानं मला अडवलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

काका लाल झाले होते. रागानं की कशानं ते कळेना. ते काही बोलायच्या आत काकूंनी हातातला डाव टेबलावर आपटला.

"निघालं ना ऑफिस? तुम्ही दोघं उठा. आधी पातेलं."

म्हणून आमचं जे काही बोलणं झालं ते सिंकपाशी झालं. मी घासत होते, काका पुसत होते. बाहेर मॅच चालू होती. बराच वेळ ते एकच झाकण पुसत राहिले.

"खरं ऐकायचंय?" शेवटी ते म्हणाले.

"त्यासाठीच विचारलं."

"तुझ्या टीमनं एकही ट्रक चुकवला नाही. पण तू काही म्हणजे काही बदललं नाहीस. जुन्या मॅनेजरनं जे जिथं ठेवलं ते तिथंच. तो उद्या परत येणार असल्यासारखं. मला कळेना, हिला काही वेगळं करायचंच नाही की काय."

मला राग आला, कारण ते खरं होतं. "बदली दुसऱ्याच्या मागाला हात लावत नाही," मी म्हणाले. "लावला आणि सूत तुटलं तर परत बोलावत नाहीत."

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावू नको म्हणून?"

"तुम्ही 'इंटरिम' म्हणालात. तेच सांगणं झालं."

त्यांनी झाकण खाली ठेवलं. बाहेर एकदम आरडाओरड झाली. आम्ही दोघं ओल्या हातांनी दारात धावलो. आमच्या बॅकअपनं कोचचं न ऐकता म्हणा किंवा कसं, बॉल लांब फेकला होता. पार मैदानाच्या त्या टोकाला. बॉल हवेत इतका वेळ होता की नागपूरकर सोफ्यावर उभा राहिला. आणि मग समोरच्या टीमच्या माणसानं तो मधेच झेलला. मॅच गेली.

"गेला," काका म्हणाले.

"टाकला तरी," मी म्हणाले.

सोफ्यावर बाबा अजून काठावरच होते. त्यांनी विचारलं, "आता ह्याला घरी बसवत्यात का?" 

निघताना काका गाडीपर्यंत आले. खिडकीतून मला म्हणाले, "उद्या ये. तू काय बदलणार ते सांग. पण नीट ऐक. मी एकटा नाही, आणखी तिघं आहेत. बाहेरची माणसंही मुलाखतीला येणार. मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही, तुझ्याविरुद्धही नाही. फक्त तारीख पुढे ढकलणार नाही."

"येऊ देत बाहेरची," मी म्हणाले.

मग ते वाकून बाबांना म्हणाले, "येतो बाबा." स्वतःच्याच दारात उभे राहून येतो म्हणाले. गडबडले असावेत.

 घरी येताना बाबा म्हणाले, "मी ताठ बसलो न्हवं त्याच्यापुढं?"

"हो."

"सवय गं." आणि मग थोड्या वेळानं, "तू बसली नाहीस. बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांना नावानं हाक मारली. पहिली गोष्ट सांगितली ती ऑन-कॉलची. रात्री-बेरात्री गोदामात काही अडलं तर ज्याचा फोन वाजायचा तो नेहमी आमच्या टीममधल्या दोन कंत्राटी मुलांपैकीच एक असायचा. कायमच्या लोकांची झोप शाबूत. जुन्या मॅनेजरनं लावलेली पद्धत होती ती, आणि मला रोज टोचत होती, पण मी हात लावला नव्हता. "आजपासून सगळ्यांची पाळी लागेल," मी म्हणाले. "पहिला आठवडा माझा."

"आजपासून? निर्णयाच्या आधी?"

"आजपासून."

पहिल्या आठवड्यात दोन मोठे घोटाळे झाले. टीममधली कायमची मंडळी माझ्यावर चिडली. एकानं काकांकडे तक्रारही केली. मला वाटलं, गेला माझाही बॉल. पण मी पद्धत मागे घेतली नाही. मुलाखतीत चौघांपैकी एकानं नेमकं तेच खोदून खोदून विचारलं: चालतं होतं ते मोडलंस कशाला? मी म्हणाले, ते चालत नव्हतं, दोन माणसं ते ओढत होती. काका त्या मुलाखतीत एकही प्रश्न न विचारता बसले होते. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. आता वाटतं, त्यांनी शब्द पाळला.

तोवर बाबा सोलापूरला परतले होते. विमानतळावर त्यांनी जागेबद्दल एक शब्द काढला नाही. आईसुद्धा गल्लीच्या तोंडाशी बघायची, विचारायची कधीच नाही.

आमच्या टीमनं शेवटी ड्राफ्टमधून पोरगा घेतला. नवरा जिंकला. तो बॅकअप कुठल्याशा दुसऱ्या शहरात गेला, आणि तिथंही टोपी घालून कडेलाच उभा असतो असं नागपूरकर सांगतो. "आपण तर त्याला विसरून राहिलो ना बे," तो म्हणतो. मी नाही विसरले. त्यानं टाकलेला तो एक पास अजून माझ्या डोळ्यांपुढे हवेतच आहे. काकांच्या घरचे रविवार चालू आहेत. मी त्यांना काका म्हणते, पातेलंही कधीकधी घासते, आणि नव्या पोरानं बॉल टाकला की पहिली मीच ओरडते.

माझा निकाल त्याच वसंतात लागला. मी गाडीतूनच सोलापूरला फोन लावला.

"कायम?" बाबांनी विचारलं.

"कायम."

त्यांनी फोन कानापासून बाजूला घेऊन शेजारच्या कुणाला तरी ओरडून सांगितलं. मग बराच वेळ नुसताच गल्लीचा आवाज येत राहिला.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आणि आमच्या घरातली पहिली कायमही मीच.